अनवाणी पायाचं माप

बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या बहादरपूरच्या अंगणात एक पिवळी गाडी उभी असते. उंचीला बरी आहे, पण लांबीला एवढीशी, की केळीचं पिकअप शेजारी येऊन उभं राहिलं तर दिसतसुद्धा नाही. येणारा-जाणारा तिला बघून हसतो. "ताई, अभी भी चलती है क्या ये? कंपनीनं तर बंद केली ना?" मी म्हणते, चालते हो, तुमच्या जिभेसारखीच चालते. मग माणूस आपली वाट धरतो. गावात मला सगळे ओळखून आहेत, सहसा कोणी नादी लागत नाही.

ही गाडी नुसती कागदावर होती ना, तेव्हापासून मी तिला ओळखते. मी पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. देशातली सगळ्यात स्वस्त गाडी बनवायची म्हणून तिथे जी मंडळी गोळा केली, त्यात माझाही नंबर लागला. माझ्याकडे काम होतं बसण्याचं. दार किती उघडावं, सीट जमिनीपासून किती उंच असावी, माणूस आत कसा शिरेल आणि बाहेर कसा पडेल, हे सगळं मी बघायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत सांगायचे, "पोरगी इंजिनीअर आहे, सीटा बनवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी गादीच्या दुकानात आहे.

मला मात्र त्या कामाची तळमळ होती, आणि ती आईमुळे होती.

आईचे गुडघे गेले होते. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायची, पण पायरी चढणं जमत नव्हतं. एकदा नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. दारात जीप आली. जीपची पायरी उंच. आईनं एक पाय कसाबसा वर ठेवला, दुसरा काही उचलेना. मागे सगळी मंडळी खोळंबलेली. अप्पांना उशिराची भारी चीड. ते ओरडले, "अरे, उचला रे तिले पटकन, मुहूर्त टळीन!" दोघा पुतण्यांनी दोन्ही बगलांत हात घालून आईला उचललं आणि आत ठेवलं. तिच्या निऱ्या सुटल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "सांभाळा रे, घड खरचटीन!" केळी कापताना मजूर घड डोक्यावर घेतात, तेव्हा आमच्याकडे असंच ओरडतात. सगळे खो-खो हसले. अप्पाही हसले. मीही तिथेच होते आणि एक शब्द बोलले नाही, याची मला अजून शरम वाटते.

आई त्या लग्नात जेवली नाही. घरी आल्यावर तिनं लुगडं नीट घडी घालून ठेवलं आणि म्हणाली, "आता मी फाटकाच्या बाहेर पाय नाही ठेवनार. मी काय केळीचा घड आहे का, उचलाले?"

आम्हाला वाटलं, राग आहे, आठ दिवसांत उतरेल. कसला उतरतोय! आई म्हणजे आई. बस नको, कारण कंडक्टर हात धरतो. ऑटोरिक्षा नको, कारण रिक्षावाला कंबरेला आधार देतो. बुऱ्हाणपूर शहरात, बुधवारा पेठेत, तिची सख्खी मोठी बहीण राहायची. मावशीला दमा, तिला जिना उतरून इकडे येणं शक्य नव्हतं. बहादरपूर ते बुधवारा अंतर ते काय, इथे चहा टाकला तर तिथे पोचून गरम प्यावा एवढं. पण दोघी बहिणींनी दीड वर्ष एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी फोनवर तू काय रांधलं, मी काय रांधलं एवढंच. फोन ठेवला की आई बराच वेळ फाटकाकडे बघत बसायची. तिला जायचं होतं हो. पण आपल्या पायानं जायचं होतं.

मी तेव्हा मनाशी ठरवलं, या स्वस्त गाडीत आई कोणाचा हात न लागता बसली पाहिजे. कारखान्याला सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

कारखान्यात रोज सकाळी एक मीटिंग असायची. मधे मोठं टेबल. आदल्या दिवशी गाडीतून जे काही काढून टाकलं, ते प्रत्येकानं त्या टेबलावर आणून ठेवायचं, अशी रीत. कोणी नट ठेवायचा, कोणी वायरचा तुकडा. एकानं दुसरा वायपर आणून ठेवला, एकच पुरतो म्हणाला. एकदा कोणी उजवा-डावा मिळून एकच आरसा ठेवू असं म्हणालं आणि डावा आरसा टेबलावर आला. आमचे मोठे साहेब टेबलाच्या टोकाला उभे राहायचे. दूरच्या कुठल्या तरी राज्यातले होते, हिंदीत बोलायचे. "आज क्या निकाला?" एवढंच विचारायचे. एकदा तर दारंच काढायची आणि कापडी पडदे लावायचे असा विचार पुढे आला. कापडाचं काय, मी बुऱ्हाणपूरची, मागाच्या खडखडाटात शाळा शिकलेली, हवं तेवढं कापड आणून दिलं असतं. पण पावसाळ्यात पडद्याच्या गाडीत कोण बसेल, म्हणून मी तावातावानं भांडले. दारं राहिली. माझ्यामुळेच राहिली असं नाही, पण मी भांडले होते.

मी मात्र त्या टेबलाशी रोज रिकाम्या हातानं जायची. बसणं कुठून काढून टाकणार?

दिवाळीला घरी आले ती मोजपट्टी घेऊनच. अंगणात खाट मांडली, तिच्या पायांखाली विटा घातल्या आणि पुढे उंबऱ्यासारखं केळीचं एक रिकामं क्रेट आडवं ठेवलं. आईला म्हटलं, "आई, ही गाडी समज. तू दाराशी आलीस. आता बस."

"मी काय बाजारातला बैल आहे का, मापं घेते तं?"

"मावशीकडे जायचंय ना?"

ती लगेच उठली. भिंत धरत-धरत आली, खाटेकडे पाठ केली आणि बसली. पाय लोंबकळले. मी एक वीट काढली. मग उठताना तिला जोर पडायला लागला, म्हणून एक फळी घातली. दुपारभर विटा काढ, फळ्या घाल, असं चाललं. अप्पा ओट्यावरून बघत होते, म्हणाले, "दिवाळीचं फराळ सोडून खाट काय खेळता!"  शेवटी एका उंचीला आई कशाला न धरता बसली, कशाला न धरता उठली. परत बसली, परत उठली. तिसऱ्यांदा बसून म्हणाली, "हां. आता बरोबर." मी मोजपट्टी लावली आणि आकडा वहीत लिहून घेतला. एवढा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

नकाशात सीटची जी उंची होती, तिच्यापेक्षा आईचं माप दोन बोटं खाली होतं. कारखान्यात गाडीचा एक लाकडी सांगाडा होता. चाकं नाहीत, रंग नाही, नुसती दारं, फळ्या आणि सीटा. त्यात बसून बघायचं, चुकलं की लाकूड कापायचं. सांगाडा सांभाळणारे एक म्हातारे सुतार मिस्त्री होते, त्यांनी माझ्या सांगण्यावरून सीट दोन बोटं खाली घेतली. मग ऑफिसातल्या बायकांना एकेक करून बसवलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, सीट खाली आहे, उठताना गुडघ्यावर येतं. मी आकडा परत तपासला, तो बरोबर होता. साहेबांनी विचारलं, हे माप कुठून आणलं? मी खरं ते सांगितलं, आईचं आहे, खाटेवर घेतलंय.

"मॅडम," साहेब म्हणाले, "ये घर का नाप है. घर में ही रखिए."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तसंच हसू, जीपमागचं. माझं डोकं असं तापलं की काय सांगू! मी तोंडातल्या तोंडात एक अस्सल बुऱ्हाणपुरी शिवी हासडली, ती साहेबांना कळली नाही हे माझ्या नोकरीचं नशीब. सीट परत दोन बोटं वर गेली.

दुपारी मी तणतणत आईला फोन लावला. राग साहेबांचा, आणि काढला आईवर. "आई, तू त्या दिवशी नीट बसलीच नव्हतीस. इथे बायकांना ती सीट खाली होतेय. पाय नीट टेकले होते ना? चपला होत्या ना पायात?"

"चपला?" आई म्हणाली. "गाडीत चपला घालीसन कोन बसते वं? तूच म्हने ना, ही गाडी समज. मंग मी काढून ठेवल्या भाईर."

मी कपाळावर हात मारून घेतला. कारखान्यात जड बूट घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे इथल्या सगळ्या बायका जाडजूड तळव्यांच्या बुटांत बसल्या होत्या. आणि आई अनवाणी होती. फरक निघाला तो बुटाच्या तळव्याचा. पण मला हसू आलं ते माझंच. मी समोर उभी होते, डोळे फाडून माप घेत होते आणि आईनं चपला काढल्या हे मला दिसलंच नाही. दिसणार कसं? आमच्याकडे नवी गाडी आली की माणूस चपला बाहेर काढूनच आत बसतो. खाटेपाशी मीसुद्धा चपला काढूनच उभी होते!

मी साहेबांकडे गेले, चपलांचं सांगितलं आणि एक तास मागितला. सांगाडा शेडच्या बाहेर, कँटीनच्या मागच्या मोकळ्या जागेत ठेवायचा, म्हणजे बुटांची सक्ती नाही. ते म्हणाले, लोकांना सांगू ना, बूट-चप्पल घालून बसा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही फक्त बघायला या. मिस्त्रींनी चार माणसं लावून सांगाडा बाहेर काढला. शेजारच्या वस्तीतून बागेचं गवत काढायला बायका यायच्या, त्यांना मी बोलावलं. एवढंच म्हटलं, ही नवी गाडी आहे, एकेक जणी बसून बघा.

गाडी कसली, लाकडाचं खोकं ते. तरी पहिली बाई आली, दाराशी थांबली, पदर सावरला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. तिच्यामागून दुसरी, तिसरी. एक-दोघी सोडल्या तर साऱ्यांनी तसंच केलं. साहेब थोडे उशिरा आले. सांगाड्याच्या दारापाशी चपलांची रांग लागलेली, देवळाबाहेर लागते तशी.

"ये चप्पलें किसकी हैं?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, गाडीत बसायला आलेल्यांची."

एक म्हातारी सीटवर कडेला बसली होती, उतरायच्या बेतात. तिचे अनवाणी पाय जमिनीच्या जरा वर लोंबत होते आणि ती अंगठ्यानं जमीन शोधत होती. साहेब बघत राहिले. मग हा एवढा मोठा माणूस, इस्त्रीच्या पँटीत, त्या मातीत गुडघा टेकून बसला आणि तिच्या टाचेखाली हात घातला. टाच आणि जमीन यांच्यामध्ये त्यांची बरोबर दोन बोटं मावली. ते उठले, गुडघा झटकला आणि म्हणाले, "मिस्त्रीजी, दो उंगली नीचे."

सीट हलवायची म्हणजे पुढचं सगळं हलतं. पायातली पेडलं, हातातलं स्टिअरिंग, समोरच्या काचेतून दिसणारा रस्ता, सगळे नकाशे परत काढायचे. साहेब नाही म्हणू शकले असते, वेळही अगदी थोडा होता. त्यांनी हो म्हटलं, आणि मला सगळ्यांसमोर सॉरी म्हणाले. मी आजवर ज्यांचे मनापासून उपकार मानते, त्यांत ते आहेत आणि ते मिस्त्री आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर लोखंडाचे चार छोटे तुकडे ठेवले. सीटचे पाय आखूड केले, त्यातून निघालेले. साहेब हसले, "आज मॅडम ने भी कुछ निकाला."

गाडी पुढे रस्त्यावर आली. सुरुवातीला फार कौतुक झालं, मग लोक नाकं मुरडायला लागले. सगळ्यात स्वस्त म्हणून गाजवलेली गाडी दारात उभी करायची लोकांना लाज वाटली, असं मला वाटतं. काही वर्षांनी ती बंद झाली तेव्हा वाईट वाटलं, पण मी रडले नाही. माझं रडून आधीच झालं होतं, गाडी घरी आली त्या दिवशी.

मार्गशीर्ष होता. मी अंगणात पिवळी गाडी उभी केली. अप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायानं टोचलं आणि म्हणाले, "खेळनं आहे. केळीच्या चार फण्या ठेवल्या तं बसीन खाली." मी म्हटलं, अप्पा, चला, बुधवाऱ्याला जाऊ. ते म्हणाले, "बागेत आज कटाई आहे, मले कुठं फुरसत. तुम्ही जा." मला मनातून बरंच वाटलं. त्या लग्नापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल एक अढी होती, ती गेली नव्हती.

आई तेच लुगडं नेसून आली, लग्नातलं. फाटकाशी शेजारच्या दोघी-तिघी जमल्या होत्या. आई म्हणाली, "कोनी जवळ येऊ नका." मी डावं दार उघडून बाजूला सरले. तिनं गाडीकडे तोंड करून चपला काढल्या, जपून वळली, बसली आणि एकेक करून दोन्ही पाय आत घेतले. कोणी हात लावला नाही. मला डोळ्यांतल्या पाण्यानं पुढचं दिसेना, गाडी दोनदा बंद पडली. "चालवता येते ना तुले?" आई म्हणाली. मग रस्ताभर ती काच खाली करून एकेक दुकान वाचत होती.

बुधवाऱ्यात मावशीची गल्ली अशी चिंचोळी की जीप नाक्यावरच राहते. आमची एवढीशी गाडी थेट तिच्या जिन्याशी गेली. दार उघडल्यावर आई वळली. तिचे अनवाणी तळवे सपाट, अलगद फरशीला टेकले आणि ती उभी राहिली. मावशी वर गॅलरीत येऊन ओरडायला लागली, "आली वं! माही बहीन आली वं!" दम्यानं धाप लागली तरी थांबेना. जिन्याला भक्कम कठडा होता, आई त्याला धरून एकेक पायरी बसत-उठत चढली. घटकाभर वेळ लागला असेल. वर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मावशीनं खाली बघितलं. "चपला कुठी वं तुह्या?"

चपला बहादरपूरला, अंगणातच राहिल्या होत्या! दोघी हसून-हसून खाटेवर लवंडल्या. मावशीनं दराबा, आमच्याकडची रवा-तुपाची मिठाई, काढला, आम्ही तिघी एका ताटात जेवलो. त्यानंतर मावशी तीन उन्हाळे होती आणि आई दर आठवड्याला या गाडीतून तिच्याकडे गेली. ते तीन उन्हाळे मला मिळाले, याबद्दल मी कोणाकोणाचे आभार मानू?

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दिवस मावळताना आम्ही परत आलो. अप्पा अंगणात उभे. केळीचा ट्रक मागे घेताना करतात तसा हात हलवून मला सांगायला लागले, "येऊ दे... येऊ दे... जरा डाव्या अंगाले... बस्स!" मला चीड आली. एवढं अंगण मोकळं पडलंय आणि यांना इथेच गाडी हवी! मी उतरले, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि बघितलं. दारासमोर आईच्या चपला होत्या. जागेवरच होत्या, पण सकाळी त्यांची तोंडं गाडीकडे होती, ती आता घराकडे होती. शेजारी खाट ओढलेली, खाटेवर पाण्याचा तांब्या.

अप्पा आधार द्यायला पुढे आले नाहीत. चार पावलं मागे सरकले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले. आईनं दोन्ही पाय बाहेर काढले, खाली सोडले. पाय सरळ चपलांत गेले. ती उठून उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "झाली का कटाई?"

"नाही," अप्पा म्हणाले. "लावलीच नव्हती आज. कुत्री चपला ओढून नेतात, म्हनून बसलो इथंच."

 आईनं पदर खोचला.

"पुढच्या खेपेले तुम्हीबी चला," ती म्हणाली. "मांगं जागा आहे."